एफिदुआसेला आधी कळलं

१२ मे, सोमवार

आज काम आलं. गेल्या आठवड्यात एकही आलं नव्हतं, म्हणून आधी बरं वाटलं. मग आठवलं, की आपल्याला बरं वाटतं तेव्हा कुणाच्या तरी घरी रडारड चाललेली असते. तीन वर्षांत याची सवय व्हायला हवी होती.

अजेकुमने आणि मी कुमासीत ऑफिस थाटलं ते हॉटेलांच्या आणि सलूनच्या वेबसाइट बनवायला. तो कोड लिहिणार, मी गिऱ्हाईक आणणार आणि जाहिराती चालवणार. सलूनवाल्या बायकांनी थंडगार माल्ट पाजलं आणि सांगितलं, अगं फ्रेमा, आमचं फोनवर झकास चाललंय, वेबसाइट कशाला? हॉटेलवाल्यांनी माल्टही पाजलं नाही. मग आम्ही अंत्यविधींकडे वळलो. शनिवार कुठला, कापड काळं नेसायचं की लाल, कुठे जमायचं, परदेशातले नातेवाईक महिनाभर हेच विचारत राहतात. ते सगळं एका पानावर मांडायचं, फोटो लावायचे आणि जाहिरात करून गावभर पोचवायचं. आजवर एकसष्ट पानं झाली. बासष्टावं आज आलं.

ओपानिन ब्रेम्पा स्वतः आले होते. घराण्याचे प्रमुख, सत्तरीचे, अगदी हळू बोलणारे. त्यांच्या चुलतबहिणीचा मुलगा सारपाँग शुक्रवारी तेमा शहरात स्वतःच्या दुकानात कोसळला आणि गेला. वय चौपन्न, गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा धंदा. फोटोत ऐटीत बसलाय. ओपानिननी एकच अट घातली. सारपाँगची आई, अफ्रकोमाआजी, एफिदुआसेला असते आणि तिला अजून सांगितलेलं नाही. तिचा भाऊ ओबुआसीहून गुरुवारी येणार, मग पाच जण दारूची बाटली घेऊन जाणार आणि रीतीने सांगणार. तोपर्यंत पान झाकून ठेवायचं. "आईच्या कानावर पडल्यावर जगाला सांग," म्हणाले. मी म्हटलं, काळजीच नको.

१३ मे, मंगळवार

पान छान झालंय. अजेकुमला त्याला कुलूप लावायचं होतं. मी नको म्हटलं. नवं पान सर्चला सापडायला वेळ लागतो, आणि अडुममधल्या त्या नव्या कंपनीने गेल्या महिन्यात आमची दोन घरं पळवली ती याच वेगावर. लिंक कुणाला दिलीच नाही तर पान उघडणार कोण?

जाहिरातही आजच सोशल मीडियाच्या कंपनीकडे मंजुरीला पाठवून दिली. मागच्या तिन्ही वेळा मंजुरी यायला दोन-दोन दिवस लागले. म्हणजे आज पाठवली की गुरुवारी संध्याकाळी सुरू होणार, तोवर म्हाताऱ्या मंडळींचं सांगून झालेलं असेल. अजेकुम म्हणाला, आणि आजच मंजूर झाली तर? मी म्हटलं, आजवर झालीय का? तो म्हणाला, सुरू व्हायची वेळ घालून ठेव ना. मी म्हटलं, वेळ घातली की आपली जाहिरात रांगेत मागे पडते. हे कुठे लिहिलेलं नाही, पण माझा अनुभव आहे. तो पुढे काही बोलला नाही. हल्ली तो कमीच बोलतो. दात दुखतोय म्हणाला होता.

१४ मे, बुधवार

सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी मंजूर झाली.

मी एका प्रिंटिंगवाल्याकडे बसले होते. फोन पर्समध्ये. पावणेदहाला बघितलं तेव्हा एकोणीसशे लोकांना दिसून झाली होती. सगळे एफिदुआसेचे आणि आसपासचे, सगळे चाळिशीच्या वरचे. मी मागितलं होतं नेमकं तसंच.

बंद केली. पानही काढलं. तीनदा पासवर्ड चुकला.

अकराला ओपानिनचा फोन आला. अंडी विकणाऱ्या शेजारणीने फोनवर फोटो पाहिला, कमरेला काळं कापड गुंडाळलं आणि छाती पिटत आजीच्या अंगणात शिरली. आजी केळी सोलत बसली होती. तिने विचारलं, कोण गेलं म्हणतेस? शेजारणीने नाव सांगितलं. आजी म्हणाली, "मला कोणी सांगितलेलं नाही." आणि पुढचं केळं घेतलं.

ओपानिन ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

१५ मे, गुरुवार

ठरल्याप्रमाणे पाच जण एफिदुआसेला गेले. ओबुआसीचा भाऊही होता. श्नॅप्स दारूची बाटली पुढे ठेवली. आजीने तिला हात लावला नाही. म्हणाली, "बाजारात विकून उरलेलं माझ्या दारात आणू नका." मग उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली आणि पाचही जण अंगणात बसून राहिले. सख्ख्या भावाशीही बोलली नाही.

आता झालंय असं, की आईने बाटली स्वीकारली नाही म्हणजे आईला अजून कळलेलंच नाही. आईला कळलेलं नसताना घराणं तारीख काढू शकत नाही. तारीख नाही तर अंत्यविधी नाही. सारपाँग शवागारात पडून राहणार, किती दिवस ते कुणालाच सांगता येत नाही. हे सगळं ओपानिननी मला शांतपणे समजावून सांगितलं, जणू मी कुठून तरी परदेशातून आलेय. मी इथलीच, असांतेच आहे. मला माहीत होतं. म्हणूनच तर लाज वाटते.

१७ मे, शनिवार

पान काढलं, पण त्याचे फोटो गटागटांतून फिरतायत. खाली लोकांचे शेरे. बहुतेक शिव्या आहेत, त्यातल्या बऱ्याच मला.

आणि आज दिवसभरात आठ घरांकडून विचारणा आली. आठ. एरवी महिन्यात येत नाहीत. 'तुम्हीच ना ते, ज्यांची बातमी आईच्याही आधी पोचली?' असं एकाने सरळ विचारलं. टोमणा मारतोय असं वाटलं, पण त्याला खरंच काम द्यायचं होतं. क्षणभर मला आनंद झाला. इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

२० मे, मंगळवार

घराण्याच्या मोठ्या मंडळींपुढे उभं राहायला बोलावलं होतं. एक मेंढी आणि दोन बाटल्या असा दंड. मी माफी लिहून नेली होती. चार मसुदे केले, चौथा खरोखर चांगला उतरला होता. वाचून झाल्यावर ओपानिन म्हणाले, "छान लिहिलंस पोरी. आता बोल."

मग मी जे बोलले ते धड वाक्यही नव्हतं. घाई केली, चुकले, धंदा, बाकी काय ते आठवत नाही. अजेकुम मागे बसला होता. चूक त्याची नव्हती तरी तोही उभा राहिला आणि माझ्याबरोबर वाकला. त्यांनी मेंढी घेतली. घराण्याच्या बाजूने मिटलं म्हणाले. आजीचं मात्र आजीच बघेल.

परत येताना ट्रोट्रो गाडीत मी अजेकुमला म्हटलं, आता मंजुरीच्या रांगेचं नीट शिकून घ्यायला हवं. तो खिडकीबाहेर बघत होता.

२३ मे, शुक्रवार

आज एकटी एफिदुआसेला गेले. वाटलं, आजीला स्वतः भेटून समजावून सांगावं की चूक माझी, राग माझ्यावर काढा, पण मुलाचं अडवू नका. तिच्याकडे पोकुआ असते, तिच्या मयत बहिणीची मुलगी, पन्नाशीची. तिने दार उघडलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी चप्पल काढता काढता थांबले.

आजी मात्र प्रेमाने बोलली. मी माफी मागितली तर हात हलवून विषयच बदलला. तिला फोनबद्दल विचारायचं होतं. कुणाला काय दाखवायचं ते त्या फोनला कसं कळतं? मला बरं वाटलं, निदान काहीतरी बोलतेय. मी रंगात येऊन सांगत बसले. गाव निवडता येतं, वय निवडता येतं, कुणी काय काय बघितलं त्यावरून माणसं शोधता येतात.

"म्हणजे माझं गाव तू निवडलंस."

"हो."

"आणि वय?"

"चाळीसच्या पुढे."

"मी तर ब्याऐंशीची आहे. मला का नाही दाखवलंस?"

मी म्हटलं, आजी, तुमच्याकडे फोन नाही ना. तिला ते पटलं, मान डोलावली.

तिने डोक्यावरचे केस अगदी बारीक कापून घेतलेत. उकाड्याने, म्हणाली. फार खंगली आहे. पोकुआ सांगत होती, आठवडाभर पाण्यावरच आहे, पोटाचं जुनं दुखणं उपटलंय. मी फुफू आणि सूप नेलं होतं, तिने शेजारणीकडे पाठवून दिलं. दोरीवर गडद लाल कापड वाळत होतं. असतंच, कुठल्या म्हातारीच्या दोरीवर नसतं? दर शनिवारी कुणाचा ना कुणाचा विधी असतोच.

माझं मत असं झालंय की तिला खरंच कळलेलं नाही. वयामुळे डोक्यात शिरत नसावं. निघताना म्हणाली, तेमाहून सारपाँग दर रविवारी पोकुआच्या फोनवर बोलायचा. बोलायचा असं म्हणाली. बोलतो असं नाही. पण म्हातारी माणसं अशी बोलतात, त्याचं काय धरायचं.

ओपानिनना फोन करून सांगितलं की डॉक्टरांना दाखवून घ्या. ते नुसतं हं म्हणाले.

२७ मे, मंगळवार

अजेकुम सोडून चालला. शाळेत संगणक शिकवायची नोकरी धरलीय, जूनपासून. मी म्हटलं, आता? आठ घरं विचारतायत तेव्हा? तो म्हणाला, त्याच आठ घरांमुळे.

मला राग आला. मी बोलून गेले की त्या दिवशी तुलाही कळत होतं, मग जोर का लावला नाहीस?

तो म्हणाला, "बरोबर आहे. त्या दिवशी मी गप्प बसलो. फ्रेमा, तीन वर्षं मी गप्पच बसतोय. तुला वाटतं माझा दात दुखतो."

त्याने सगळे पासवर्ड एका वहीत नीट लिहून दिले, कशात काय आहे, काय कधी बदलायचं. इतकं व्यवस्थित, की वाचताना रडू आलं. वेळ घालून जाहिरात कशी लावायची तेही लिहिलंय, आणि रांगेत मागे पडत नाही हेही.

३१ मे, शनिवार

ऑफिसात एकटी. शनिवार असून बाहेर कुठल्याही अंत्यविधीचे ढोल ऐकू आले नाहीत, की मीच ऐकले नाहीत.

२ जून, सोमवार

बांतामाहून एक बाई आली, नवरा गेलाय. चांगली शिकलेली. मी तिला नवे नियम सांगितले. आधी घरच्या मंडळींनी लिहून द्यायचं की कोणाकोणाला कळवून झालं, मग पान, मग दुसऱ्या दिवशी जाहिरात. माझा नियम मलाच आवडला होता. ती ऐकून घेऊन म्हणाली, ते सगळं असू दे, पण त्या सारपाँगचं जसं पसरलं तसं आमचंही पसरायला हवं. ते कसं केलंत?

मी म्हटलं, चुकून झालं.

ती म्हणाली, मग तेवढंच परत करा.

मी नाही म्हणाले नाही. कळवते म्हटलं. ती गेल्यावर जुने आकडे उघडून बघितले. सारपाँगची जाहिरात चालू होती जेमतेम दीड तास, पण लिंक हातोहात फिरून तेवढ्यात पानावर अकरा हजार लोक येऊन गेले. आमच्या बाकीच्या एकसष्ट पानांवर मिळून एवढे आलेले नाहीत. हे माझं सगळ्यात यशस्वी काम आहे.

६ जून, शुक्रवार

ओपानिन ऑफिसात आले. बसले नाहीत. शवागारातल्या माणसाने निरोप पाठवलाय, किती दिवस ठेवायचं ते सांगा. परदेशातले भाचे विचारतायत, तिकिटं काढायची की नाही. घराण्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो म्हातारीला बाजूला ठेवून उरकून टाका. ओपानिन म्हणाले, मी जिवंत असेपर्यंत आईला बाजूला ठेवून मुलाला पुरणार नाही. पण मी किती दिवस जिवंत राहीन ते मला माहीत नाही.

मग म्हणाले, आजीने काल निरोप धाडला. जिने गावाला सांगितलं तिला पाठवा.

मी विचारलं, माझ्याशी बोलून काय करणार त्या? ओपानिन म्हणाले, ते तिथेच कळेल. काळं नेसून ये.

७ जून, शनिवार

लिहायचं नव्हतं. पण उद्या लिहिलं तर मी ते नीटनेटकं करून टाकीन.

मी, ओपानिन, ओबुआसीचा भाऊ, आणि ओपानिनच्या हातात श्नॅप्सची बाटली. आजी अंगणात स्टुलावर बसली होती, दोन्ही खांदे उघडे, अंगावर तेच गडद लाल कापड. ते तिचंच होतं. पोकुआने पाणी दिलं. आम्ही प्यायलो. मग आजीने रीतीप्रमाणे विचारलं, इथे सगळं ठीक आहे, तुम्ही कशासाठी येणं केलंत?

अशा वेळी मोठ्यांनी बोलायचं असतं. मी ओपानिनकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. भाऊही. कुणीच तोंड उघडेना, तेव्हा मला कळलं की बोलायचं मलाच आहे. मी पानावरचीच वाक्यं म्हणायला लागले, दुसरी मला येतच नाहीत. अत्यंत दुःखी अंतःकरणाने कळवण्यात येतं की...

"ते मला पाठ आहे," आजी म्हणाली. "पोकुआच्या फोनवर कुणीतरी पाठवलंय, ती मला रोज वाचून दाखवते. लिहिलेलं नको. माझ्याकडे बघून सांग."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते कापलेले केस, ते उपाशी राहणं, सगळं सुतकच होतं. आणि मी डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगून आले होते.

मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे पिवळट आहेत आणि डावा थोडा पाणावलेला असतो. मी म्हटलं, "आजी, तुमचा मुलगा गेला."

"कुठला?"

"सारपाँग."

"कधी?"

"नऊ मेला. शुक्रवारी."

"कुठे?"

"तेमाला. दुकानात."

ती एकेका उत्तरावर मान डोलवत होती, जणू आज पहिल्यांदाच ऐकतेय. मला वाटलं, संपलं. सुटले.

मग तिने विचारलं, "जवळ कोण होतं?"

मला माहीत नव्हतं. त्याचा जन्म, शिक्षण, चर्च, मुलंबाळं, विधीला काय नेसायचं, मदत कुठे पाठवायची, सगळं मी गोळा केलं होतं आणि पानावर टाकलं होतं. हे विचारायचं सुचलंच नव्हतं. अकरा हजारांपैकीही कुणी विचारलं नव्हतं. मी ओपानिनकडे वळले. ते हळूच म्हणाले, दुपारची जेवणाची वेळ होती, दार ओढून घेतलेलं होतं, तासाभराने लोकांनी उघडलं. हे ते मला सांगत होते, तिला नाही. तिला मीच सांगायचं होतं.

खोटं सांगावंसं वाटलं. सगळे होते आजी, हात धरून होते. एवढं एक वाक्य. जाहिरातीत मी याहून मोठी सहज लिहिते. पण ती माझ्याकडे बघत होती.

"कोणी नव्हतं, आजी. एकटेच होते."

आजीने डोळे मिटले. मग हात पुढे करून बाटली घेतली आणि थोडी जमिनीवर ओतली, त्याचं नाव घेत. ते पानावरचं नाव नव्हतं. लहानपणचं कसलंतरी होतं, मला नीट ऐकू आलं नाही. आणि मग तिच्या पोटातून आवाज निघाला.

तो मी इथे लिहू शकत नाही. पोकुआ धावत येऊन तिच्या पायाशी बसली. शेजारपाजारच्या बायका कुंपणापलीकडे गोळा झाल्या, पण आत कुणी आलं नाही. सत्तरीचा तो ओबुआसीचा भाऊ लहान मुलासारखा रडायला लागला. मी काय करावं ते न कळून तिथेच उभी राहिले, आणि आजीनेच हात ओढून मला खाली बसवलं.

तारीख निघाली, अठ्ठावीस जून. ओपानिन म्हणाले, पान परत लाव.

बासष्ट बातम्या पोचवल्या मी तीन वर्षांत. पोचते तेव्हा काय होतं ते आज पहिल्यांदा पाहिलं.